आपाची प्रतिकारशक्ती

या पानावरचं मी गेली काही वर्षं सगळं वाचते. पेडण्याची पुनव, शिरगावच्या जत्रेतले धोंड, डिचोलीचा बाजार, खाणीवरचे दिवस, कोणाची शाळा, कोणाचे मास्तर. लिहायला मात्र पहिल्यांदाच बसलेय. माझी आठवण आजारपणाची आहे आणि त्यात थोडं शास्त्रही येणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग मानणार नाही.

माझा धाकटा भाऊ आपा 2019 च्या पावसाळ्यात गेला. वय पन्नास. कॅन्सर होता. बाराव्यापर्यंत घरी जी माणसं येऊन बसली, त्यांतल्या निम्म्यांनी तरी एक वाक्य म्हटलं असेल, "काय करतलो, तेची प्रतिकारशक्तीच कमी पडली." वाईट हेतूने कोणीच म्हटलं नाही. दुखवट्याला आल्यावर काहीतरी बोलावं लागतं. पण ते वाक्य माझ्या भावजयीच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते हललंच नाही. आणि ते खरं नव्हतं. मी ऐकीव सांगत नाही. आपाच्या गाठीच्या चकत्या मी स्वतःच्या हाताने कापलेल्या आहेत.

हे जरा विचित्र वाटेल, म्हणून आधी माझं काम सांगते. माझं माहेर कोरगाव, तालुका पेडणे. सासर मुळगाव, तालुका डिचोली. 1988 ते 2023 अशी पस्तीस वर्षं मी गोमेकॉच्या पॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत येतो. डॉक्टर त्यातले लहान काप घेतात, ते रात्रभर मशीनमध्ये फिरतात, त्यातलं पाणी जाऊन त्या जागी मेण भरतं आणि सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा होतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो मायक्रोटोमवर लावायचा आणि तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढायच्या. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चकत्या रिबिनीसारख्या एकमेकींना धरून येतात. त्या कोमट पाण्यावर सोडायच्या, काचेवर उचलायच्या, रंगवायच्या. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं, बाकी गुलाबी. निदान करायचं ते डॉक्टरांनी. आमचं काम चकती सपाट आणि काच स्वच्छ द्यायचं. पण सोनाराकडे भाता मारणाऱ्यालाही पुढेपुढे सोनं कळायला लागतं.

आता आपा. दहावीनंतर तो माझ्याकडे मुळगावला राहून खाणीवर जायला लागला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि तो ट्रक कोरगावला अंगणात उभा राहिला. त्या काळाबद्दल इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय, मी पुन्हा सांगत नाही. पण हातात वेळ आला तसा तो पखवाजाकडे पुन्हा वळला. गावच्या सप्त्यात त्याचा पखवाज असायचाच, आता आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी यायला लागली. धारगळ, पार्से, पालये, कधी इकडे मये, साळपर्यंत. माणूस अंगाने धष्टपुष्ट. ताप आला तर पेज आणि मिरसांग घेऊन दुसऱ्या दिवशी उभा.

2016 च्या जून-जुलैत त्याला संध्याकाळचा ताप यायला लागला. रात्री घाम. "ताई, रातचो घाम सुटता, हांतरूण भिजता," असं फोनवर म्हणाला. वजन उतरत होतं. जांघेत अवधाण आलं होतं, सगळ्यांना वाटलं पायाला काही लागलं असेल. एका खाजगी ठिकाणी सुई घालून तपासलं. त्यात फक्त लिम्फोसाइट आणि हिस्टिओसाइट निघाले, म्हणजे दोन्ही प्रतिकाराच्याच पेशी. संध्याकाळचा ताप, घाम, वजन कमी, गाठ, आणि सुईत या पेशी. आपल्या देशात हे सगळं एकत्र आलं की पहिलं नाव क्षयाचं येतं. टीबीची औषधं सुरू झाली. दीड महिना झाला तरी ताप तसाच.

चवथीला मी माहेरी गेले. माटोळी बांधायला तो स्टुलावर चढला आणि दोन नारळ बांधून खाली बसला. श्वास लागला म्हणून नाही, पोटात डाव्या बाजूला जड होतं म्हणून. मी हात लावून पाहिला. पानथरी वाढलेली हाताला लागत होती. विसर्जन झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला बांबोळीला घेऊन गेले.

तिथे सुई न घालता अख्खी गाठच काढली. लिम्फोमाचा संशय असला की हेच करायचं असतं, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. सुईच्या टोकाला जेवढं येतं तेवढ्यात पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. आपाच्या आजारात सगळं गुपित मांडणीतच होतं.

ब्लॉकवर नाव नसतं, नंबर असतो. नंबर मला पाठ होता. सहकारीण म्हणाली, मी कापते, तू राहू दे. मी दिला नाही.

काच डॉक्टर मॅडमकडे गेली. तासाभराने त्यांनी मला बोलावलं आणि शिकवायच्या मायक्रोस्कोपवर, ज्याला समोरासमोर दोघांना बघायला भिंगं असतात, त्यावर बसवलं. खाली बारीक निळ्या ठिपक्यांचा नुसता सडा पडलेला. ते लिम्फोसाइट. मध्येमध्ये फिकट गुलाबी, पसरट पेशी, ते हिस्टिओसाइट. बराच वेळ काच फिरवल्यावर एक मोठी पेशी दिसली, वेडंवाकडं केंद्रक असलेली. मग पुन्हा सडा. मग लांब कुठेतरी आणखी एक मोठी.

"हीच," मॅडम म्हणाल्या.

मग विशेष रंग केले. यात एकेका जातीच्या पेशीला ओळखणारी प्रतिद्रव्यं लावतात, आणि ती पेशी तपकिरी होते. सीडी20 लावलं की बी-पेशी तपकिरी होतात. त्या काचेवर मोजक्याच, सुट्या सुट्या मोठ्या पेशी तपकिरी झाल्या, एखाद्या अंगणात चार सुपाऱ्या पडाव्यात तशा. सीडी3 लावलं की टी-पेशी तपकिरी होतात. ती काच जवळजवळ सगळीच तपकिरी. सीडी68 हिस्टिओसाइटसाठी, त्यातही भरपूर. कॅन्सर होता तो त्या चार सुपाऱ्यांचा. उरलेली सगळी गाठ आपाच्या स्वतःच्या रक्षक पेशींनी भरलेली होती.

या आजाराचं नावच तसं आहे. टी-सेल हिस्टिओसाइट रिच लार्ज बी-सेल लिम्फोमा. म्हणजे मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा, पण टी-पेशी आणि हिस्टिओसाइट यांनी गच्च भरलेला. कॅन्सरच्या पेशी शंभरात दहाहून कमी असतात, ही त्याच्या व्याख्येतलीच अट. दुर्मीळ आहे आणि आक्रमक आहे. मध्यम वयाच्या पुरुषांत जास्त दिसतो, आणि सापडतो तोवर बहुतेक वेळा पानथरी, यकृत, हाडातला मगज इथपर्यंत पोचलेला असतो. आपाचं सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं.

त्याला आणि भावजयीला हे मी घरी येऊन सांगितलं. नाव सांगून काय कळणार. मी म्हटलं, पुनवेच्या रात्री पेडण्यात केवढी गर्दी असते. समज, त्या गर्दीत शंभरातले नव्वद जण पोलीस आणि होमगार्ड आहेत. चोर पाच-सहाच. पण पोलीस चोरांना वेढा घालून नुसते उभे आहेत.

आपा हसला. म्हणाला, "मगे धरणत कित्याक नाय?"

माझ्याकडे तेव्हा या प्रश्नाचं अर्धंच उत्तर होतं. ते त्याला दिलं. पूर्ण उत्तर त्याच्यानंतर आलं, ते खाली लिहिते.

हा लिम्फोमा एका जातीच्या हॉजकिनसारखा हुबेहूब दिसू शकतो आणि दोघांचे उपचार वेगळे. म्हणून ब्लॉक टाटाला दाखवून घ्यायचं ठरलं, आणि पेट स्कॅनही मुंबईलाच करायचा होता. आमची तिकिटं होती 9 नोव्हेंबर 2016 ची, थिवीहून कोकणकन्या. तारीख वाचून तुमच्या लक्षात आलं असेल. 8 तारखेच्या रात्री आठला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. भावजयीने साठवलेले, भावकीने दिलेले, सगळे पैसे त्याच नोटांत. 9 ला बँका बंद. सरकारी इस्पितळात आणि औषधांच्या दुकानात जुन्या नोटा चालणार होत्या, पण दादरला टॅक्सीवाला हात लावेना. आपा आजारी अंगाने स्टेशनपासून धर्मशाळेपर्यंत चालत आला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली होती. तिथे परक्या गावची माणसं एकमेकांना कुठली रांग कुठे हे जितकं नीट सांगतात, तितकं कोणी सांगत नाही. त्या दोन दिवसांत एका सातारच्या बाईने आम्हाला शंभराच्या दहा नोटा दिल्या आणि पत्ता लिहून घ्यायला सुद्धा तयार नव्हती.

ब्लॉक मी स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून नेला होता. आगपेटीएवढीही वस्तू नाही. आपाने गाडीत तो मागून हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "ह्या माझा?" मग परत डब्यात ठेवला आणि झोपला.

टाटाने आमच्याच मॅडमचं निदान कायम केलं. किमो बांबोळीलाच घ्यायची ठरली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा. आर-चॉप म्हणतात त्या औषधांच्या जोडणीला. पाच औषधं. यातल्या दोघांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं रिटुक्सिमॅब. मघाशी सीडी20 चा रंग सांगितला ना, ते सीडी20 म्हणजे बी-पेशीच्या अंगावरचं एक चिन्ह. हे औषध जाऊन त्याच चिन्हाला चिकटतं. मारण्याचं बरंचसं काम मात्र रुग्णाच्याच पेशी करतात. चिकटलेलं औषध म्हणजे झेंडा. तो बघून एनके पेशी हल्ला करतात आणि मॅक्रोफेज ती पेशी गिळतात. म्हणजे आपाला दिलेलं सर्वांत महागडं औषध त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या भरवशावर चालणारं होतं. आणि ते चाललं. दुसऱ्या किमोनंतर पानथरी हाताला लागेनाशी झाली.

दुसरं विनक्रिस्टीन. हे सदाफुलीपासून काढतात. आमच्या तुळशीजवळ दोन्ही रंगांच्या सदाफुल्या आहेत, पांढरी आणि जांभळट. हे सांगितल्यावर भावजय रोज त्या झाडांना पाणी घालताना हात जोडायला लागली. (कोणी कृपा करून पानं उकळून पिऊ नका. ते विषारी आहे. औषध काढायला प्रचंड पाला लागतो आणि मिलिग्रॅममध्ये मोजून देतात.) पण विनक्रिस्टीन नसांना धरतं. तिसऱ्या किमोनंतर आपाची बोटं बधिर झाली. शर्टाचं बटण लागेना. पखवाजावर थाप पडायची, पण बोटाखाली काय वाजतंय ते त्याला कळायचं नाही. केस गेले तेव्हा तो काही बोलला नव्हता. बोटांसाठी मात्र एक संपूर्ण संध्याकाळ गप्प बसला. डॉक्टरांनी पुढे त्या औषधाचा डोस कमी केला, आणि 2017 च्या चवथीपर्यंत डावा हात बराचसा परत आला. उजव्याची दोन टोकं शेवटपर्यंत सुन्नच राहिली.

याच महिन्यांत घरात 'इम्युनिटी' शिरली. येणारा प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन यायचा. गुळवेल, आवळ्याचा रस, शेळीचं दूध, पपईच्या पानांचा रस, कोणी दोडामार्गाहून आणलेली पुडी. सगळ्यांचं एकच म्हणणं, अंगात ताकद व्हयी, प्रतिकारशक्ती वाढली की रोग पळतो. कोणी खाणीची धूळ काढली, कोणी नजर काढली. किमोच्या डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं, यकृतात आजार आहे, औषधं यकृतातूनच जाणार, ज्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही असं काही देऊ नका. भावजयीने गुळवेल बंद केली.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण लोक दोन गोष्टी एकत्र करतात. किमोने पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यातल्या न्युट्रोफिल विशेषतः. तेव्हा साधा जंतूही घातक ठरतो. म्हणून उकळलेलं पाणी, कच्चं काही नाही, गर्दी नाही, ताप आला की तासाभरात इस्पितळ. ही काळजी खरी आणि ती घ्यायलाच हवी. काउंट वाढवायची इंजेक्शनंही असतात, आपाला दिली होती. पण ती जंतूंशी लढायची गोष्ट झाली. गाठीत पेशी कमी होत्या म्हणून कॅन्सर वाढला, असं अजिबात नव्हतं. तिथे तर पेशींची जत्रा भरली होती. त्याचा ताप आणि रात्रीचा घाम हासुद्धा बराचसा त्या जत्रेचाच प्रताप. रक्षक पेशी एकमेकींना बोलावण्यासाठी जी रसायनं सोडतात, त्यांनी ताप चढतो.

एप्रिल 2017 चा पेट स्कॅन स्वच्छ आला. पुढचं दीड वर्ष आमच्या घरात फार चांगलं गेलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, कारण सगळं रोजचंच होतं, आणि तेच हवं होतं. मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. आपाने ट्रक विकला आणि काजूची बाग नीट करायला घेतली.

त्या वर्षी ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो. आमच्या विभागात मॅडमनी चहाच्या वेळी समजावून सांगितलं, आणि आपाने विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तिथे दिसायला लागलं. आपल्या टी-पेशींना ब्रेक असतात. असायलाच हवेत, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर तुटून पडतील. होंजोंच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये पीडी-1 नावाचा रेणू शोधला. तो यातलाच एक ब्रेक निघाला. समोरच्या पेशीच्या अंगावर पीडी-एल1 असेल तर तो ब्रेक दाबला जातो आणि टी-पेशी जागच्या जागी थंड पडते. मरत नाही, जात नाही. उभी राहते.

घरी आल्यावर आपाला फोन करून सांगितलं, तुझ्या पोलिसांचं कारण सापडलं. तो म्हणाला, "म्हणजे कोणीतरी वरून फोन केल्लो." मी म्हटलं, तसंच काहीतरी.

डिसेंबर 2018 मध्ये ताप परत आला. पुन्हा गाठ, पुन्हा ब्लॉक. या वेळी मी सहकारणीला दिला. दुसऱ्या फळीची किमो झाली. आजार खाली आला असता तर मुंबईला स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करायचं होतं. तो आला नाही. यकृत थकलं. जुलैत कोरगावच्या घरी तो गेला. पाऊस इतका होता की स्मशानात पत्रे धरून उभं राहावं लागलं. भजनी मंडळाने रात्रभर भजन केलं. पखवाज दुसऱ्या कोणी वाजवायला घेतला नाही, नुसत्या टाळांवर म्हणत राहिले.

आणि मग ते वाक्य. तेराव्यानंतर सगळे गेले, भांडी घासून झाली, तेव्हा भावजय मागच्या दारात बसून मला म्हणाली, "ताई, गुळवेल बंद केलंय म्हणान तर झाला नाय मा ह्या?"

मी तिला त्या दिवशी सांगितलं, पुढेही सांगत राहिले. तिच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. गुळवेलीबद्दल म्हणाल तर कोविडच्या काळात ती घरोघर उकळली गेली, तेव्हा मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, तो वाद वेगळा. पण आधीच यकृतात आजार असलेल्या माणसाला न देण्यात तिने शहाणपणच केलं. आणि दुसरी बाजू जास्त मोठी. वाढवायचं काय होतं? आधीच नव्वद होते. पंच्याण्णव करून काय झालं असतं?

पूर्ण उत्तर 2021 मध्ये आलं. अमेरिकेत बॉस्टनच्या मंडळींनी 'ब्लड' या नियतकालिकात नेमक्या याच लिम्फोमावर काम छापलं. मॅडमनी मला त्याचा छापील कागद आणून दिला. त्यांनी गाठीच्या चकत्यांवर एकाच वेळी अनेक रंग करून कोणती पेशी कोणाच्या शेजारी आहे याचा नकाशाच काढला. कॅन्सरच्या पेशीभोवती कडं करून बसलेले होते ते मॅक्रोफेज, आणि त्यांच्या अंगावर पीडी-एल1 भरपूर. त्यांच्या शेजारी टी-पेशी, अंगावर पीडी-1 घेऊन. म्हणजे ब्रेक दाबणारे जास्त करून आपलेच मॅक्रोफेज. चोराने पोलिसांतल्याच काहींना आपल्या बाजूला वळवून स्वतःभोवती उभं केलं होतं, आणि बाकीचे पोलीस त्यांच्याकडे बघून थांबले होते.

मॅक्रोफेजची मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माया. मेचनिकॉफ नावाच्या रशियन माणसाने 1882 मध्ये सिसिलीत, तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचला आणि भोवती जमलेल्या पेशी पाहिल्या, तिथून त्यांची गोष्ट सुरू होते. त्याला 1908 चं नोबेल मिळालं. जंतू गिळणारे, मेलेलं साफ करणारे, जखम भरणारे. कचरा उचलणाऱ्या माणसाइतके गरजेचे आणि तितकेच दुर्लक्षित. त्यांनाच तिथे असं उभं केलेलं बघून मला खरंच राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

त्याच लेखात, आजार उलटलेल्या पाच रुग्णांना पीडी-1 चा ब्रेक सोडवणारं औषध दिल्याचं होतं. तिघांना गुण आला, त्यांतल्या दोघांचा आजार पूर्ण दिसेनासा झाला. पाच माणसं म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं. आपाच्या वेळी या आजारात ते औषध द्यावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि त्याची किंमत ऐकली तर बाग गेली असती. मी भावजयीला तो आकडा सांगितला नाही. आता ती हे वाचेल तेव्हा कळेल. चालेल, आता चालेल.

ऑक्टोबर 2023 मध्ये, मी निवृत्त झाले त्याच वर्षी, आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेल्या नेक्सकार19 ला आपल्या देशात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. कितीतरी बी-पेशींच्या लिम्फोमांत यामुळे माणसं वाचतायत. मला लगेच दोघातिघांनी फोन केले, "आपा आसतो तर." पण परदेशातल्या छोट्या अभ्यासांत नेमक्या आपाच्या प्रकारात या पद्धतीला तितकं यश आलेलं नाही. शिकवून पाठवलेले नवे पोलीसही बहुधा त्याच गर्दीत जाऊन थंड पडत असावेत. म्हणून 'आसतो तर' या वाटेला मी जात नाही. ज्यांच्या घरी दुसरा लिम्फोमा आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि लिम्फोमाचा संशय असेल तर अख्खी गाठ काढून तपासायची का, हेही विचारावं.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात पुतण्या आला होता. पेडण्याच्या सरकारी कॉलेजात शिकत होता तेव्हा. त्याला बाबाची काच बघायची होती. मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि आम्ही दोघं त्याच समोरासमोरच्या मायक्रोस्कोपवर बसलो. मी त्याला ठिपके दाखवले, फिकट पेशी दाखवल्या, बराच वेळ शोधून एक मोठी पेशी दाखवली. तो न बोलता बघत होता.

"आते, ह्यातले बाबाचे खंयचे?"

"सगळेच."

"मोठी पण?"

"ती पण. ती पण त्याचीच, बिघडलेली."

त्याने स्टेजचा स्क्रू स्वतःच्या हाताने हळूहळू फिरवला. एका कोपऱ्यात, जिथे आजार पोचला नव्हता तिथे, गाठीचा चांगला भाग थोडा उरला होता. तिथे तो थांबला. पाच वाजता कदंबा होती, साडेचारला उठलो.